शेलोब हलली, म्हणून फारामिर बिघडला

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा सिनेमा ‘टू टॉवर्स’, त्यावरच्या लेखात दिग्दर्शकाला फारामिर हा सेनानी कळलाच नाही असं म्हटलंय, ते पटलं नाही. खरी अडचण मांडणीची आहे. टोल्किनच्या पुस्तकाचा हा भाग शेलोब या राक्षसी कोळिणीच्या गुहेशी संपतो. सिनेमात शेलोब 2003च्या तिसऱ्या भागात गेली, मग 2002च्या भागात दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या वाट्याला शेवटी अडथळाच उरेना. म्हणून फारामिर त्याला ऑस्गिलियाथ या पडक्या शहरात ओढत नेतो. पंचवटीतून त्र्यंबकला निघालेल्याला आधी सिन्नर दाखवून आणावं, तसला हा वळसा! पुस्तकातला फारामिर फ्रोडोला आपल्या गुहेत रात्रीचा आसरा देतो, शिधा आणि हातात काठ्या देऊन वाटेला लावतो. तिथे अंगठीचा मोह त्याला शिवतही नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ऑस्गिलियाथला फ्रोडो नाझगुल या सॉरॉनच्या सेवकाच्या पुढ्यात अंगठी धरून उभा राहतो. एवढं समोर दिसल्यावर सॉरॉनने सगळी फौज तिकडेच वळवायला नको? याचं उत्तर सिनेमा देत नाही. फारामिरचं वागणं निदान लांब आवृत्तीत तरी उलगडतं, तिथे बाप आणि भाऊ बोरोमिर यांच्यासोबतचा जुना प्रसंग आहे. थिएटरात नेमका तोच कापला होता.

– एक वाचक, नाशिक