पीएल-४८०चा गहू, गाजरगवत आणि दर पावसाळ्यात उगवणारा मेसेज

रस्त्याकडेला गाजरगवत डोकं काढू लागलं की मोबाईलवर एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: "अमेरिकेने पीएल-४८० खाली डुकरांना घालायचा सडका लाल गहू आपल्याला फुकट पाठवला. आपली शेती कायमची नासावी म्हणून त्यात मुद्दाम गाजरगवताचं बी मिसळलं. शास्त्रीजींनी तो गहू बाणेदारपणे नाकारला आणि देशाला एक वेळ उपाशी राहायला सांगितलं. पुढे त्याच गव्हाच्या पैशांवर अमेरिकेने आपला देश आतून विकत घेतला."

यातलं बरंचसं खोटं आहे, थोडं अर्धवट खरं आहे. आणि ज्या गोष्टीसाठी त्या काळच्या अमेरिकी सरकारवर खरोखर राग धरावा, ती मेसेजमध्ये नाहीच.

"फुकट पाठवला"

धर्माची गाय म्हटलं की दात मोजायचे नसतात. पण ही गाय धर्माची नव्हती. पीएल-४८० हा अमेरिकी संसदेचा कायदा. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर १० जुलै १९५४ रोजी सही केली. अमेरिकी सरकार शेतकऱ्यांकडून आधारभावाने धान्य घेत होतं, गोदामं भरली होती आणि साठवणुकीचा खर्च डोईजड झाला होता. त्यामुळे कायद्याचा पहिला उद्देश शिल्लक माल खपवणं हा होता, आणि ते कोणी लपवलंही नव्हतं.

कायद्याचे भाग होते. पहिल्या भागात धान्य विकलं जायचं, फक्त किंमत डॉलरऐवजी घेणाऱ्या देशाच्या चलनात चुकती व्हायची. मदत म्हणून दिलं जाणारं धान्य आणि दूधभुकटी वेगळ्या भागांत. 'केअर'सारख्या संस्था शाळांमधून जे वाटत, ते त्यातलं. रेशनच्या दुकानात आलेला गहू बहुतांश पहिल्या भागातला, म्हणजे विकतचा. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६चा. अमेरिकी निर्यातदाराला त्याचं सरकार डॉलर द्यायचं आणि भारत सरकार गव्हाच्या किमतीचे रुपये भारतातल्या अमेरिकी सरकारच्या खात्यात भरायचं. शिवाय किमान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून नेण्याची अट होती, आणि त्या जहाजांचं भाडं इतरांपेक्षा चढं असे. शेतकरी, निर्यातदार, जहाजवाले अशा तिघांचीही सोय तिकडे लागत होती. भारताची सोय एवढीच, की हातात नसलेले डॉलर खर्च न करता धान्य मिळत होतं. ती काही छोटी सोय नव्हती.

सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. भारताच्या बाजूने सही करणारे अन्नमंत्री म्हणजे मुंबईचे स. का. पाटील. भीक मागायला गेलेला माणूस चार वर्षांचा खरेदी करार करून येत नाही. (हा करार शहाणपणाचा होता का, हा वेगळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊच.)

"डुकरांचा सडका लाल गहू"

लाल होता, हे खरं. अमेरिकेच्या मध्य मैदानांत पिकणारा हार्ड रेड विंटर हा त्यांचा मुख्य गहू; त्याच्या कोंड्याचा रंगच तांबूस असतो. अमेरिकेत त्याचा पाव होतो आणि माणसंच तो खातात. आपल्याकडे पसंती पिवळसर, टपोऱ्या शरबतीला किंवा बन्सीला. लाल गव्हाची पोळी काळपट दिसते, म्हणून तो हलका ठरला.

हा रागही फक्त अमेरिकेपुरता नव्हता. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं गेलं आणि त्यातून हरितक्रांतीला वेग आला. त्यातले लर्मा रोहो आणि सोनोरा-६४ हे वाणही लालच दाण्याचे. आपल्याच शेतात पिकलेला तो गहूही बाजारात कमी भावाने जाई, म्हणून शास्त्रज्ञांनी घाईने पिवळसर दाण्याचे वाण काढले: शरबती सोनोरा, कल्याणसोना, सोनालिका.

'सडका' म्हणाल, तर काही पोती खराब निघाली असणारच. गव्हात १२-१३ टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की दाणा तापतो, बुरशी धरते, किडे पडतात. अशा मालाला लांबचा समुद्रप्रवास, पावसाळ्यातलं बंदर आणि ताडपत्रीखालची थप्पी एवढ्यातून जावं लागलं, तर नासाडी ठरलेली. त्यासाठी कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही.

मग जनावरांच्या खाद्याची आठवण आली कुठून? महाराष्ट्रात तिचं उत्तर आहे मिलो. ही तांबडी अमेरिकी ज्वारी तिथे मुख्यतः जनावरांनाच घालतात. १९७२च्या दुष्काळात ती रेशनवर आली आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती घशाखाली उतरेना. ती आठवण शंभर टक्के खरी आहे. पण सवलतीची पीएल-४८० आयात भारताने १९७१ अखेर थांबवली होती. १९७२-७३ मध्ये अमेरिकेकडून घेतलेलं धान्य बाजारभावाने घेतलेलं होतं. मेसेजने दोन दशकांच्या आठवणी एकाच पोत्यात भरल्या आहेत.

"मुद्दाम गाजरगवताचं बी मिसळलं"

इथे तारखाच साक्ष देतात. पार्थेनियम, म्हणजे गाजरगवत किंवा काँग्रेस गवत, पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर उगवलेलं दिसलं ते १९५५ साली. आर. एस. राव यांनी त्याची नोंद १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. भारताचा पहिला पीएल-४८० करार ऑगस्ट १९५६चा. कराराआधी वर्षभर उगवलेलं गवत करारातल्या गव्हातून येणार कसं?

त्याहून जुनी नोंदही आहे. कोलकात्याजवळच्या शिबपूर वनस्पती उद्यानातल्या झाडांची यादी १८१४ मध्ये छापली गेली, तिच्यात पार्थेनियमचं नाव आहे. पुण्यातलं गवत त्याच झाडांचं वंशज, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण 'भारतात नव्हतंच, अमेरिकेने आणलं' हे म्हणणं टिकत नाही.

धान्याबरोबर बी आलं असेल का? असू शकतं. पीएल-४८० च्या आधी, १९५१ मध्येही अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि धान्य आलं होतं. गाजरगवताचं बी दोन मिलिमीटरच्या आसपास, वजनाला नगण्य. धान्याच्या प्रतवारीत काडीकचऱ्याला टक्क्यांत मर्यादा असते, शून्याची अट नसते. गोदीत सांडलेलं, झाडून कचऱ्यात टाकलेलं, रेल्वेच्या वाघिणीच्या फटीत अडकलेलं असं काहीही पुरतं. एकदा रुजलं की एका झाडाला १५ ते २५ हजार बिया येतात, महिना-दीड महिन्यात फूल धरतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि त्याला खाणारी त्याच्या मूळ प्रदेशातली कीड इथे नव्हती. पसरायला एवढं बस्स होतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पाहा. तिथे ना अन्नमदत, ना दुष्काळ. तरी क्वीन्सलँडमध्ये हे गवत १९५५ मध्येच नोंदलं गेलं, आणि पुढे टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून पुन्हा शिरलं. अमेरिकेचा डाव होता म्हणायचं, तर ती स्वतःच्या मित्रराष्ट्राची कुरणंही मुद्दाम नासवत होती असं म्हणावं लागेल. गवताचं मूळ मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशात; टेक्सासच्या पशुपालकांनाही त्याचा त्रास आहे. हे गवत खाणारा झायगोग्रामा भुंगाही मेक्सिकोतूनच आणला आणि १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला.

गवतावर खरंच राग असेल, तर मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा पहिल्या पावसांनंतर, माती भिजलेली असताना आणि फूल येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. फूल आल्यावर उपटून रस्त्याकडेला टाकलं तर बी तिथेच पडतं. नगरपालिकांची माणसं नेमकं हेच करताना दिसतात.

"शास्त्रीजींनी गहू नाकारला"

सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडण्याचं आवाहन शास्त्रीजींनी केलं होतं, हे खरं. गहू परत पाठवल्याचं मात्र खोटं. त्यांच्या काळात आयात चालूच होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यांचेच कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी रोममध्ये अमेरिकेचे कृषिमंत्री फ्रीमन यांच्याशी समझोता केला: भारत शेतीत, खतांत आणि सुधारित बियाण्यांत गुंतवणूक वाढवील. अमेरिकेला तेच हवं होतं, आणि सुब्रमण्यम यांनाही.

मेसेजने सोडलेली खरी तक्रार

१९६४-६५ मध्ये देशात ८.९ कोटी टन धान्य पिकलं. पुढच्याच वर्षी पाऊस रुसला आणि ते ७.२ कोटींवर घसरलं. १९६६ मध्ये आयात १ कोटी टनांच्या पुढे गेली. अमेरिकेत पिकलेल्या गव्हाचा जवळजवळ पाचवा हिस्सा इकडे येत होता. नेमक्या त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद केले आणि जहाजं महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्याने, स्वतःच्या मंजुरीने सोडायला सुरुवात केली. जहाज लागलं तर रेशन, नाही तर खडखडाट, अशी अवस्था. भारताने शेतीचं धोरण बदलावं हा त्यामागचा एक हेतू होता. व्हिएतनाम युद्धावर दिल्लीने तोंड आवरावं ही दुसरी अपेक्षा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. त्यामागे जागतिक बँकेचा आणि वॉशिंग्टनचा रेटा होता. पुढच्याच महिन्यात इंदिरा गांधींनी मॉस्कोतून व्हिएतनामवर टीका केल्यावर वॉशिंग्टनचा पारा चढला, आणि त्या वर्षअखेरीला बिहारमध्ये दुष्काळ असताना नव्या जहाजांची मंजुरी पुन्हा रखडली. दिल्लीतले अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांनाही हा प्रकार रुचला नव्हता. 'अमेरिका' म्हणजे एकच डोकं असं तेव्हाही नव्हतं. भुकेल्या देशाचं नाक असं दाबलं, की त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या उरते. १९७१च्या युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा लोकांच्या मनात आधीचा हिशेब होताच.

दुसरी तक्रार शेतकऱ्याची. स्वस्त परदेशी गहू रेशनवर ओतला की गावातल्या गव्हाचा भाव दबतो, हा इशारा खुद्द अमेरिकी अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच दिला होता. स. का. पाटलांच्या करारावरचा खरा आक्षेप हाच. भाव आणि खरेदी ठरवणारी यंत्रणा, म्हणजे कृषी मूल्य आयोग आणि अन्न महामंडळ, आपल्याकडे उभी राहिली ती १९६५ मध्ये. तोवर कोरडवाहू गहू करणाऱ्याने नुकसान सोसलं. त्यावर कोणी मेसेज करत नाही.

"देश आतून विकत घेतला"

गव्हाचे रुपये अमेरिकेच्या नावावर साठत गेले, आणि ती रक्कम अवजड झाली हे खरं. पण त्यातला मोठा भाग कर्ज आणि अनुदान म्हणून भारत सरकारलाच परत मिळत होता. काही दूतावासाच्या खर्चाला आणि एक छोटा हिस्सा इथल्या अमेरिकी कंपन्यांना कर्ज म्हणून जाई. हे रुपये डॉलरमध्ये बदलून नेता येत नव्हते, आणि एकदम बाजारात आणले असते तर महागाई भडकली असती. शेवटी १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला. तो तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गाजला. विकत घेणारा असे पैसे परत करत नसतो.

अमेरिकेने त्या रुपयांतून जे खरोखर विकत घेऊन नेलं, त्यात एक गोष्ट ठळक आहे: पुस्तकं. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली नवी पुस्तकं याच पैशांतून घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवत होतं. त्यात मराठीही होती. शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ ग्रंथालयांत साठच्या दशकातली मराठी पुस्तकं आज मिळतात, त्यातली बरीचशी त्या लाल गव्हाच्या हिशेबातली आहेत.