स्पीड तर बरोबर येतोय, सर

आमच्या घरचं इंटरनेट उत्तम आहे हे मला पटवून देणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली होती. कस्टमर केअरची मुलगी, लाइन बघायला येणारा पोरगा, सोसायटीचे सेक्रेटरी आणि आमच्याकडे राहणारे आमचे सासरे, नाना. सगळ्यांचं पालुपद एकच: स्पीड तर बरोबर येतोय! येतोय की. 40 एमबीपीएसचा फायबर प्लॅन, चाळीसच्या चाळीस येतात. पण माझी तक्रार स्पीडची नव्हतीच, उशिराची होती.

सकाळी सव्वादहाच्या मीटिंगमध्ये बॉसनी विचारावं, "कुणाची काही हरकत?" मी तत्परतेने म्हणावं, "माझा विरोध आहे." ते तिकडे पोचेपर्यंत विषय संपून टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीची ओळख करून देणं चाललेलं असावं, आणि तिच्या नावापाठोपाठ माझा विरोध खणखणीत आवाजात उमटावा. त्या मुलीने अजून मला माफ केलेलं नाही.

कंपनीच्या ॲपमध्ये तक्रारीसाठी 'नेट बंद', 'नेट स्लो', 'बिल' आणि 'इतर' एवढेच पर्याय. नेट स्लो नव्हतं, म्हणून मी प्रामाणिकपणे 'इतर' निवडलं. 'इतर'वाल्यांकडे कुणी लवकर फिरकत नाही, हे ॲप सांगत नाही.

अखेर पोरगा आला. हिरव्या टोकाची पिन उपसली, टी-शर्टाच्या कडेला पुसली (माझ्या पोटात गोळा आला) आणि फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरमध्ये खुपसली. तेवढ्यात कंपनीच्या डब्यावरचा 'लॉस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा पेटलेला बघून नाना म्हणाले, "बघा, हाच फॉल्ट!"

"पिन काढलीय ना आजोबा, म्हणून पेटलाय," पोरगा म्हणाला. नाना वीज खात्यातून निवृत्त झालेत. लाल दिवा दिसला की त्यांना नोकरीत परत गेल्यासारखं वाटतं.

"उणे 19. पॉवर मस्त आहे, सर. उणे 27च्या खाली गेली तर बोला." मग त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, काटा चाळिसावर नेऊन दाखवला आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. ओटीपी दिल्याशिवाय ही मंडळी उंबरठा ओलांडत नाहीत. दिला.

मग मीच पदर खोचला. सेक्रेटरींचा संशय मायक्रोवेव्हवर होता, आणि तो अगदीच अडाणी नव्हता. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, वायफायचा जुना पट्टाही तिथलाच. पण सव्वादहाला आमच्याकडे पोहे होतात, आणि ते गॅसवर. तरी वायफायवर आळ नको म्हणून हॉलमधून देवघराच्या उंबऱ्यावरून थेट माझ्या टेबलापर्यंत लॅनची वायर ओढली. बायकोने ती ओलांडताना प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचं व्रत घेतलं.

वायर लावली आणि पिंग सुरू केलं. माइक मूस नावाच्या माणसाने 1983 साली लिहिलेला हा इवलासा प्रोग्राम; पाणबुडीच्या सोनारचा आवाज म्हणून नाव पिंग. पलीकडे हाक मारायची आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या: 7, 6, 7, 8. झकास! काचेतून प्रकाश सेकंदाला जवळजवळ 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन यायला दोन मिलिसेकंदसुद्धा पुरेत. मग 9. मग एकदम 340. मग 910! एवढ्या वेळात प्रकाशाने काचेतून पृथ्वीला चार प्रदक्षिणा घालून पाचवी सुरू केली असती. माझी हाक मात्र माझ्याच हॉलमध्ये अडकली होती.

मान वळवून पाहिलं. नाना तळजाई टेकडीवरून नुकतेच परतले होते. चप्पल काढून त्यांनी फोन चार्जिंगला लावला होता. फोन घरच्या वायफायवर आला, चार्जर मिळाला, आणि त्याने सकाळचा सगळा हास्यक्लब फोरकेमध्ये बॅकअपला ढकलायला सुरुवात केली. चाळीस ज्येष्ठ नागरिक दोन्ही हात वर करून हसताहेत, असे जीबीच्या जीबी.

पासबुकात एंट्री करायला बँकेत जावं आणि आपल्या पुढचा माणूस देवस्थानच्या दानपेटीतली चिल्लर मोजून घेत असावा, तसं माझ्या आवाजाचं होत होतं. काउंटर ढिलं नाही, एंट्रीला दोन सेकंद पुरतात. पण आधी चिल्लर! या दुखण्याला जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरने 'बफरब्लोट' असं नाव दिलंय, आणि त्यालाही ते घरच्याच इंटरनेटवर सापडलं होतं. मेमरी स्वस्त झाली, तसे कंपन्यांनी राऊटरमध्ये हे मोठाले बफर (डेटाची पॅकेटं, म्हणजे तुकडे, रांगेत थांबवायच्या जागा) घातले. हेतू चांगला, की एकही पॅकेट वाया जाऊ नये. पण गर्दी झालीय हे पाठवणाऱ्याला मुळात पॅकेट गळालं की कळतं. गळेचना, म्हणून तो पाठवतच राहतो आणि रांग वाढत जाते.

सरळ उपाय म्हणजे नानांचा बॅकअप बंद करणं. "बाबांना काही बोलायचं नाही हं," बायको म्हणाली. सरळ उपाय बाद झाला.

वाकडा उपाय असा: 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेत फार वेळ ताटकळलेली पॅकेटं वेळीच गाळणारी कोडेल नावाची युक्ती मांडली. तिची पुढची आवृत्ती असलेला राऊटर मी विकत आणला. कंपनीच्या डब्याला जोडला आणि स्पीड मुद्दाम नव्वद टक्क्यांवर, म्हणजे 36वर बांधला, म्हणजे रांग लागली तर माझ्या राऊटरमध्येच लागेल, आणि तिथे माझा कायदा चालेल. दुसऱ्या दिवशी नानांचा हास्यक्लब वर जात होता आणि पिंग होतं 11. मीटिंगमध्ये माझा विरोध जिथल्या तिथे पोचला आणि ज्याला करायचा होता त्यालाच झाला.

संध्याकाळी भाजी घेऊन परतलो तर दारात ओळखीचे स्पोर्ट शूज. आत नाना आणि तो पोरगा चहा पीत होते.

"अहो, तुमच्या नेटमध्ये गडबड होती," नाना म्हणाले. "मी स्पीड टेस्ट केली तर 35च! चाळीसचे पैसे भरतो ना आपण? ॲपवर 'नेट स्लो' दाबलं, दोन तासांत आला बघा हा."

"मध्ये तो डबा कुणी लावला होता, सर?" पोरगा म्हणाला. "त्यानेच स्पीड खाल्ला. काढून ठेवलाय. आता बघा, फुल चाळीस."

माझा राऊटर टीव्हीच्या मागे, वायर नीट गुंडाळून ठेवलेला होता. ओटीपी नानांनी केव्हाच देऊन टाकला होता.