एक काही पडेना

वेळापत्रक आखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पाळण्यात मात्र कुणीही धरावा.

शाळा सुटून तीन दशकं झाली. आता माझी परीक्षा घ्यायला कुणी येत नाही, आणि बहुधा म्हणूनच शिकायची हौस उफाळून आली आहे. टेबलावर सध्या पाच विषय मांडी ठोकून बसलेत : संख्याशास्त्र, उर्दू लिपी, दुसरं महायुद्ध, आकाशदर्शन आणि बुद्धिबळातले एंडगेम. पाचांचीही पुस्तकं आणली, पाचांच्याही वह्या घातल्या, पाचही वह्यांच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. दुसरं पान सगळीकडे कोरं. कारण रोज रात्री जेवणं झाली की एकच प्रश्न समोर उभा राहतो : आज काय? उर्दू उघडावं तर वाटतं, अरे, वझीर-प्याद्याचं तेवढं राहिलंय. पट मांडावा तर आकाश निरभ्र दिसतं. ठरेपर्यंत साडेदहा वाजतात आणि मी थकून झोपतो. न केलेल्या अभ्यासाने माणूस किती दमतो, याची कल्पना करणाऱ्यांना यायची नाही.

गवताच्या दोन सारख्याच भाऱ्यांमध्ये उभं राहून, कुठला खावा हे न ठरल्याने उपाशी मेलेल्या गाढवाची एक गोष्ट आहे. चौदाव्या शतकातल्या ज्याँ ब्युरिदाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावावर ती खपते, पण त्याच्या लेखनात ते गाढव कुठेच सापडत नाही. सापडणार कसं? ते आमच्या घरी आहे. आणि त्याच्यापुढे भारे पाच आहेत.

‘बाबा, चिठ्ठ्या टाका ना,’ मुलगी म्हणाली. टाकल्या. दोन दिवसांत लक्षात आलं, की ‘संख्याशास्त्र’ हा शब्द लांब, म्हणून ती चिठ्ठी लांब, म्हणून तिची घडी जाड. डोळे मिटून डब्यात हात घातला तरी बोटांना ती बरोब्बर कळायची आणि बोटं तिला वळसा घालून पुढे जायची. बोटं माझीच.

मग डोळे मिटून पुस्तक उघडून पाहिलं. पुस्तकाची शिवण जिथे मोडलेली असते तिथेच ते दर वेळी उघडतं. माझी पुस्तकं प्रस्तावनेपाशी मोडलेली आहेत.

नाणेफेकीला दोनच बाजू, त्यामुळे पाच विषयांची बाद फेरी घ्यावी लागली. उपांत्य सामन्यातच झोप आली. शिवाय नाण्याबद्दल मी नको ते वाचून बसलो होतो. २०२३ मध्ये एका गटाने ३,५०,७५७ नाणेफेकी करून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की फेकताना जी बाजू वर असते तीच वर पडण्याची शक्यता थोडी जास्त, ५०.८ टक्के. नाणी उडवायला अठ्ठेचाळीस माणसं होती. म्हणजे माझ्याखेरीज आणखी अठ्ठेचाळीस जणांना त्या दिवसांत अभ्यास करायचा नव्हता.

शेवटी लुडोच्या डब्यातला फासा काढला. विषयांना मी लिहिले त्याच क्रमाने आकडे दिले : एक म्हणजे संख्याशास्त्र, दोन उर्दू, तीन महायुद्ध, चार आकाश, पाच बुद्धिबळ. राहिला सहा. सहा आला तर पुन्हा टाकायचा, असं पहिल्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशी सहा आला तेव्हा मी जरा सखोल विचार केला. फासा बिचारा इतक्या तोंडांनी बोलतो, त्यातलं एक तोंड आपण बंद करावं, हे बरं नव्हे. तेव्हापासून सहा म्हणजे सुट्टी.

कुठल्याही राज्यघटनेची अडचण ती लिहून झाल्यावर सुरू होते. फासा टेबलाखाली गेला तर ते दान धरायचं का? पुस्तकाच्या कडेला तिरपा टेकून राहिला तर? (माझा निवाडा : ज्या विषयाच्या पुस्तकाला टेकला, त्या विषयाला वगळून पुन्हा.) चार आला आणि बाहेर ढग असले तर? एकदा तीन आला, तर मी ‘तीनपैकी दोन वेळा’ म्हणालो. मुलीने विचारलं, ‘हे आधी ठरलं होतं का?’ शकुनीला निदान घरात लहान मुलं विचारणारी नव्हती.

एवढं करून अभ्यास होत होता, हे मान्य केलं पाहिजे. कसाबसा, पण होत होता. रोज निराळा विषय येतो म्हणून बायकोने नाक मुरडलं, तेव्हा माझ्याकडे दाखला तयार होता. २००७ साली रोहरर आणि टेलर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना चित्रविचित्र आकारांच्या घनफळाची गणितं दिली. काहींनी एकेका प्रकारची सलग सोडवली, काहींनी सगळे प्रकार मिसळून. आठवड्याने परीक्षा घेतली तर मिसळून करणाऱ्यांची ६३ टक्के गणितं बरोबर आली, सलगवाल्यांची २०.

‘हो, पण त्यांनी गणितं सोडवली होती रे,’ बायको म्हणाली.

वीस दिवस झाले आणि माझ्या ध्यानात आलं, की एक पडलेलाच नाही. वहीत रोजची नोंद होती (ही एकच वही दुसऱ्या पानावर गेली होती). दोन आले, तीन आले, सहा तर पाच वेळा आला. एक? नाव नाही. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, म्हणजे सहा वर आला की एक नेमका टेबलाला तोंड लावून पालथा झोपलेला असतो. दर सुट्टीच्या दिवशी संख्याशास्त्र असं माझ्या सुट्टीखाली दबून पडलं होतं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ते पुस्तक मी आणल्यापासून त्याच्याशी नजर चुकवत होतो. पण ‘मी टाळणं’ वेगळं आणि ‘मला मिळू न देणं’ वेगळं. मी फाशावर संशय घेतला. वीस वेळा टाकून एक न येण्याची शक्यता किती, हे काढायला संख्याशास्त्राच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडलं. पाच षष्ठांशाला स्वतःनेच वीसदा गुणायचं. उत्तर सुमारे २.६ टक्के. तिथेच कळलं, की सहाही तोंडांचं दर्शन व्हायला फासा सरासरी १४.७ वेळा टाकावा लागतो. माझे वीस होऊन गेले होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी फाशाला निलंबित केलं.

पुढच्या प्रकरणात वेल्डन भेटले. १८९४ साली या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फाशांचा संच २६,३०६ वेळा टाकल्याची नोंद दिली, आणि पाच व सहा हे आकडे हवे त्यापेक्षा किंचित जास्त पडत असल्याचं दिसलं. ठिपके कोरताना त्या बाजूचं वजन थोडं कमी होतं, म्हणून ती वर येत असावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. मी लगेच भिंग आणलं. माझ्या फाशाचे ठिपके कोरलेलेच होते! सहावर सहा खड्डे, एकावर एक. आरोपपत्र तयार झालं.

त्याच रात्री केरिचही सापडला. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना या गणितज्ञाने नाणं दहा हजार वेळा उडवलं. छापा ५,०६७ वेळा. हा तीन आकड्याचा विषय एकात कसा घुसला, यावर मी थोडा वेळ नियमावली चाळली. त्या माणसाला निदान कैदेचं कारण होतं. मी रात्री अकरा वाजता स्वतःच्या घरात, स्वखुशीने, टेबलावर एकशेवीस वेळा फासा आपटत होतो आणि आतल्या खोलीतून ‘अरे, झोपू दे आता’ असा आवाज येत होता.

मोजदाद अशी : एक १८, दोन २३, तीन १६, चार २१, पाच २४, सहा १८.

‘बाबा, एक आला की! अठरा वेळा आला!’

‘हे चाचणीतले एक. अधिकृत नाहीत.’

आता या आकड्यांवरून फासा खोटा की खरा, हे ठरवायचं कसं? तर कार्ल पिअर्सनने १९०० साली त्यासाठी काय-वर्ग चाचणी काढून ठेवली, आणि तपासायला त्याने वेल्डनच्या फाशांचेही आकडे घेतले. ती समजायला मला आठ रात्री लागल्या. साडेदहा वाजून जायचे आणि कळायचंही नाही. एकशेवीस दानांत प्रत्येक आकडा वीसदा यायला हवा; त्याची मोजदाद त्या विसापासून किती ढळली, त्याचा वर्ग, भागिले वीस, सगळ्यांची बेरीज. माझी आली २.५. फाशाला दोषी धरायला ती निदान ११.०७ च्या वर जायला हवी होती. दोन वेळा ताळा करून पाहिला. फासा निर्दोष. मी त्याला सन्मानपूर्वक सेवेत परत घेतलं. थकबाकी म्हणून कापडाने पुसलाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर रीतसर दान टाकलं. फासा दोन कोलांट्या घेऊन वहीपाशी थांबला. वर एकच ठिपका, मधोमध.

‘एक!’ मुलगी ओरडली. बायकोही हातातलं काम टाकून बघायला आली. आठ रात्री ज्या पुस्तकात मी नाक खुपसून बसलो होतो, ते हाताशीच होतं, खूण घातलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. एकाएकी फार जाड वाटलं. त्यातलं पुढचं प्रकरण सहसंबंधावर होतं आणि मला कुणाशीही संबंध ठेवायची इच्छा उरली नव्हती.

मी उर्दूचं पुस्तक ओढलं. अलिफ झाला, मग बे. बे, पे, ते सगळे एकाच घाटाचे, फरक काय तो ठिपक्यांचा.

‘बाबा, एक आलाय,’ मुलगी म्हणाली.

‘हो ना,’ मी म्हणालो, ‘हा बघ. बे. एकच ठिपका असतो याला, खाली.’