किरायदार काढायचा आहे? मग असं करा, राजेहो

स्टँडजवळची रोडटच खोली तुम्ही कृषी केंद्रासाठी किरायानं दिली. दीड वर्षाचा किराया अडकला. किरायदार मात्र रोज सकाळी "राम राम काकाजी" म्हणून शटर वर करतो, अगरबत्ती लावतो, तुमच्याच ओट्यावर पाणी शिंपडतो. आता खोली परत पाहिजे. उपाय सांगतो. आपल्याकडची बहुतेक सभ्य माणसं ह्याच वाटेनं गेली आहेत, त्यामुळे वाट चांगली मळलेली आहे.

पहिलं काम तुम्ही आधीच करून ठेवलं आहे: करारच केला नाही. सालदार ठेवता तेव्हा पाडव्याला चार माणसं बसवता, किती पोते ज्वारी, किती नगदी, चपला कोणाच्या, सगळं ठरवून घेता. लाखोंची खोली देताना मात्र "आपल्यातल्या आपल्यात कागद कायले पायजे?" म्हणून मोकळे झालात. किरायदार साडभावाच्या नात्यातला, त्यात चहा त्यानं पाजला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथं लागू आहे तिथं करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. कागद नसला तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल ते खरं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे अडीच हजार ठरले होते हे तुम्हाला माहीत, मला माहीत, पानठेल्यावाल्याला माहीत. त्यानं आठशे सांगितले की आता आठशे. कोणी शहाणा म्हणेल, "अकरा महिन्यांचं लिहून घ्या, मंग नोंदणी लागत नाही." अवश्य ऐका. ह्या कायद्यात अकरा महिन्यांना अशी कुठलीही सूट नाही, पण ते सांगून त्या शहाण्याचं मन कशाला दुखवायचं.

पावती कधीच देऊ नका. कायद्यानं पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरटॅक्सच्या यादीत, ती खोली अजून गोठा म्हणून चढलेली आहे, हे कायद्याला कुठं माहीत? पावती फाडली की दुकान सिद्ध होतं, दुकान सिद्ध झालं की टॅक्स वाढतो. शेकड्यांत टॅक्स वाचवा, हजारांत किराया घालवा. मुलगा म्हणेल, "बाबा, फोनवर टाकायला सांगा, नोंद राहते." त्याला दटावा. पैसे नगदीच घ्या, तेही आठवडी बाजारात, गर्दीत, न मोजता, बंडीच्या खिशात. कोणत्या महिन्याचे, ते दोघांनीही विचारायचं नाही.

मग थांबा. आपल्या भागात थांबण्याला मोठा मान आहे. "काकाजी, कापूस निघू द्या, मंग एकदमच देतो." कापूस निघाला. "भाव येऊ द्या." भाव पडला. "तूर येऊ द्या." तुरीवर अळी आली, आणि अळीचं औषध त्याच्याच दुकानातून तुम्ही उधारीवर आणलं (ह्या उधारीकडे पुढे येऊ). अशी तीन वर्षं काढलीत तर उत्तम, कारण थकलेल्या किरायाचा दावा करायला मुदत तीन वर्षांचीच आहे. त्याआधीचा किराया मग किरायदाराच्या चांगुलपणावर, आणि त्याचा चांगुलपणा तुम्ही इतकी वर्षं पाहतच आहात.

मधल्या काळात तंटामुक्त समितीकडे जायला हरकत नाही. मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून आहे, तुमच्या वेशीवर तिची रंगवलेली पाटीही असेल. समितीत बसलेल्यांपैकी निम्म्यांचं खत त्याच दुकानातून येतं आणि त्यांच्याही वह्या तिथंच आहेत. तेव्हा निर्णय निःपक्षपाती होईल: "निम्मा किराया सोडा, निम्मा पोळ्याले घ्या." कोणता पोळा, ते लिहू नये.

एवढं झाल्यावर रक्त तापतं. तापू द्या. लाइनमनला हाताशी धरून दुकानाची लाइन तोडा, नळाची तोटी काढा. जिथं 1999 चा कायदा आहे तिथं मालकानं पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे आणि कोर्ट ती परत जोडायला लावतं, म्हणून तोडताना मोबाइलवर शूटिंग करणारा एखादा पोरगा जवळ असू द्यावा. पुरावा आयता तयार. एवढ्यानंही तो हलला नाही तर तो लग्नाला परगावी गेला असताना कुलूप तोडा, बियाण्याच्या थैल्या रोडवर काढा आणि आपलं कुलूप ठोका. "घर माह्यं, जागा माह्यी, मले कोन अडवतो?" हे वाक्य जोरात म्हणा, ऐकायला बरं वाटतं. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 चं कलम 6 म्हणतं की कायद्याची वाट सोडून ज्याला बाहेर काढलं त्यानं सहा महिन्यांत दावा लावला तर ताबा त्याला परत मिळतो, जागा कोणाच्या नावावर आहे हे त्या दाव्यात बघतच नाहीत. सात पिढ्यांचे कागद घेऊन गेलात तरी चालेल. गाठोडं जड होतं तेवढंच.

आता तुम्ही वकिलाकडे जाण्यास पात्र झालात. आधी जायचं नव्हतं, फी वाचली. तुमचं गाव 1999 च्या कायद्याच्या परिशिष्टात येतं की नाही, हे विचारू नका. नसेल येत तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, महिनेवारी किरायदाराला पंधरा दिवसांची नोटीस, आणि मग दिवाणी दावा. येत असेल तर थकबाकीची लेखी नोटीस, नंतर नव्वद दिवसांची वाट, मग दावा. आणि समन्स मिळाल्यावर आणखी नव्वद दिवसांच्या आत त्यानं सगळी थकबाकी, वर्षाला 15 टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, पुढचा किरायाही भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा मिळत नाही. खोली मागायला गेलात आणि हाती नोटा आल्या. वाईट नाही, पण ह्या नोटा पहिल्याच नोटिशीनं आल्या असत्या, हे घरी बोलू नका. तुमच्या आजोबांच्या काळी तर सी. पी. अँड बेरारचा (म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा) 1949 चा आदेश होता: आधी भाडे नियंत्रकाची परवानगी, मग नोटीस, मग कोर्ट. आजोबांचा खटला बाबांनी संपवला असं म्हणतात ते उगीच नाही.

राहिली उधारी. इथं मात्र किरायदाराकडून शिकण्यासारखं आहे. तुम्ही त्याच्याकडून डीएपी नेलं, युरिया नेला, कपाशीची पाकिटं नेली, फवारणीचं औषध नेलं. प्रत्येक वेळी त्यानं बिल फाडलं, लायसन्स नंबरासकट, कार्बन कॉपी ठेवली. आणि दरवर्षी पाडव्याला पेढा हातावर ठेवून तो म्हणाला, "काकाजी, हिशोब पाहून घ्या, खाली सही करा." तुम्ही पेढा खाल्ला, सही केली. मुदतीच्या आत बाकी लेखी कबूल करून सही केली की त्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून त्याचं तुमच्याकडचं येणं अजून ताजं आहे आणि तुमचं त्याच्याकडचं शिळं झालं आहे. तुमच्या नोटिशीचं उत्तर पोस्टानं येईल, ते पोस्टमनच्या हातून नीट घ्या, परत पाठवू नका. त्यात लिहिलेलं असेल की किराया महिना आठशे, तो उधारीतून वळता करून घेतला आहे, आणि उरलेली रक्कम आपण पंधरा दिवसांत दुकानावर आणून जमा करावी. पावती मिळेल.