चार मतं एकाच पक्षाला? खुलासा

‘महापालिकेत चारही बटणं एकाच पक्षाची दाबली नाहीत तर मत बाद’ हा फिरणारा मेसेज खोटा आहे. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड या चार स्वतंत्र जागा असतात. प्रत्येक जागेसाठी एकच मत. पक्ष वेगवेगळे चालतात. मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिका गुलाबी, पिवळा, निळा. एकाच जागेवर दुसरं बटण दाबलं तरी ते नोंदलं जात नाही. कोणी पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबा. खरी चूक होते ती एक बटण दाबून बाहेर पडण्याची. चारही झाल्यावरच लांब बीप वाजतो. चिठ्ठी दिसली नाही म्हणून घाबरू नका, इथे व्हीव्हीपॅट (दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र) नसतंच. मुंबईत मात्र एक प्रभाग, एकच मत.