माकडहाडावरची गाठ आणि मावशीचा फॉरवर्ड

माझ्या भाचीची लेक १९ दिवसांची. ढुंगणाच्या फटीच्या वर लिंबाएवढी गाठ. शुक्रवारी मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'बाळाच्या माकडहाडावरची गाठ म्हणजे चरबी. कोमट तेल चोळा, वर्षात जिरते. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट दाखवून कॅन्सरची भीती घालतात. ग्रहणात आईने सुरी धरली की असं होतं.' खाली चार नमस्कार.

ग्रहणाचं आधी उरकतो. माकडहाडावर अशी जी गाठ येते, सॅक्रोकॉक्सीजियल टेराटोमा, ती गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पेशींतून वाढते, म्हणून तिच्यात केस, हाड, क्वचित दातही सापडतो. साधारण ३५ ते ४० हजार बाळांत एकाला होते आणि मुलींना मुलांच्या तिपटीहून जास्त. ग्रहण काय मुलगी बघून लागतं?

रिपोर्टचं अर्धं खरं, नाइलाजाने मानतो. एएफपी, म्हणजे अशा गाठीसाठी रक्तात मोजतात ते प्रथिन, सगळ्याच नवजात बाळांचं प्रचंड असतं, महिनोन्‌महिने उतरत जातं. नुसत्या त्या आकड्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. पण भाचीला तसं कोणी म्हणालंच नव्हतं. ऑपरेशननंतर आकडा नीट उतरतोय का हे कळायला आधीचा हातात लागतो, एवढंच.

आता 'वर्षात जिरते'. इथे माझं डोकं फिरलं. अमेरिकेतल्या बालशल्यचिकित्सकांनी ४०५ बाळांची पाहणी १९७४ साली छापली. दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्यांपैकी ७ टक्के मुलींत आणि १० टक्के मुलग्यांत गाठ कॅन्सरची होती. दोन महिन्यांनंतर निदान झालेल्यांत ४८ आणि ६७ टक्के. उशिरा सापडलेल्यांत आत लपलेल्या गाठी जास्त, हे धरूनसुद्धा. आणि मावशी सांगते वर्षभर थांबा! नवजात बाळाची गाठ बहुतेकदा साधी असते, म्हणूनच ती तेव्हाच काढायची, सोबत माकडहाडही. ते ठेवलं तर गाठ परत येण्याची भीती फार.

तेल चोळायचं तर बोलायलाच नको. गाठ फुटून रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय तिथली प्रत्येक गाठ टेराटोमाच असते असं नाही, मणक्यातून बाहेर आलेली पाण्याची पिशवीही असू शकते. हाताला लागते ती कधीकधी नुसती शेंडी, बाकी सगळं ओटीपोटात. काहींना बाहेर काहीच दिसत नाही, मूल फक्त कुंथत राहतं. म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात, एमआरआय करतात.

भाचीच्या लेकीचा एमआरआय सोमवारी आहे. मावशीने मेसेज डिलीट केलाय म्हणे. 'डिलीट फॉर मी' दाबून.