‘तीनदा चुकलात की कार्ड गेलं’: स्मार्ट कार्डाबद्दलच्या एका सल्ल्याची झडती

स्मार्ट कार्ड किंवा यूएसबी टोकन (लॉग-इन किंवा डिजिटल सहीची गुप्त किल्ली जपणारी चिप) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, कार्डाच्या वाटेला जाऊ नका. पिन तीनदा चुकला की कार्ड कायमचं बाद. सहा आकडी पिन तसाही फुसकाच. सर्टिफिकेट डिलीट केलं की किल्ली गेली, आणि त्याची मुदत संपली की नवं कार्ड घ्यावं लागतं.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पिन, किल्ली आणि सर्टिफिकेट या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतं.

पहिला मुद्दा, तीन चुकांचा. तीन ही संख्या बहुतेक ठिकाणी खरी आहे. युबिकी या यूएसबी टोकनाच्या पीआयव्ही भागात (पीआयव्ही हे स्मार्ट कार्डांचं एक मानक) आणि ओपनपीजीपी या दुसऱ्या मानकाच्या कार्डात सुरुवातीला तेवढ्याच संधी मिळतात. पण तिसऱ्या चुकीनंतर अडकतो तो पिन, कार्ड नव्हे. किल्ल्या आणि सर्टिफिकेटं जागच्या जागी असतात. पीआयव्हीमध्ये पिन सोडवायला पीयूके नावाचा दुसरा आकडा असतो, ओपनपीजीपीत ते काम अ‍ॅडमिन पिन करतो, पीकेसीएस११च्या (प्रोग्रामांनी कार्डाशी बोलण्याच्या एका मानकाच्या) जगात त्याला एसओ पिन म्हणतात. युबिकीच्या ‘वायकेमॅन’ या टूलची ‘वायकेमॅन पीआयव्ही अ‍ॅक्सेस अनब्लॉक-पिन’ ही कमांड पीयूके विचारते, नवा पिन विचारते आणि गाडी रुळावर येते. पीयूकेही अडकला तर मात्र युबिकीत पीआयव्हीचा भाग रीसेट करावा लागतो. त्यात किल्ल्या जातात, पण उपकरण पुन्हा वापरता येतं. सल्ल्यात खरेपणाचा अंश इतकाच की रीसेटची सोय प्रत्येक कार्डात नसते, आणि पीयूके तुमच्याऐवजी कार्ड देणाऱ्या संस्थेकडे असू शकतो.

शिवाय किती संधी उरल्यात हे एकही संधी न गमावता विचारता येतं. पीआयव्ही कार्डाला पिन तपासायची कमांड पाठवायची, ‘०० २० ०० ८०’, पण सोबत पिन द्यायचाच नाही. उत्तर ‘६३ सी२’ आलं तर दोन संधी शिल्लक. ‘६९ ८३’ आलं तर पिन अडकलेला आहे. ‘९० ००’ आलं तर या सत्रात पिन आधीच तपासून झालाय. हे हेक्साडेसिमल नको असेल तर ‘वायकेमॅन पीआयव्ही इन्फो’ तोच आकडा सरळ छापतं, आणि ओपनएससी या स्मार्ट कार्डांच्या टूल-संचातलं ‘पीकेसीएस१५-टूल --लिस्ट-पिन्स’ही. खिडक्यांवाले प्रोग्राम बऱ्याचदा ‘पिन चुकीचा आहे’ एवढंच सांगून मोकळे होतात. मग या कामात कमांड लाइन जास्त धोक्याची कशी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पिन बदलल्यावर जुना पिन लक्षात ठेवून बसलेला एखादा प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट पाठीमागे गुपचूप तिन्ही संधी खाऊन टाकते, असंही होतं. तेव्हा हा आकडा आधी बघावा.

‘सहा आकडी पिन फुसका’ हे पासवर्डाचं गणित चुकीच्या जागी लावल्यामुळे म्हटलं जातं. चोरलेल्या फाइलवर सेकंदाला हवे तितके अंदाज मारता येतात. इथे तुलना कार्डाच्या आतल्या चिपमध्ये होते आणि मोजणारीही तीच. दहा लाख शक्यतांपैकी तीनच वापरायला मिळतात. फुसका असतो तो न बदललेला पिन. युबिकीचा पीआयव्ही पिन आणि ओपनपीजीपी कार्डाचा पिन, दोन्ही मुळात १२३४५६ असतात. पीयूके आणि अ‍ॅडमिन पिन १२३४५६७८. सल्ला देणाऱ्यांनी ओरडायचं तर यावर ओरडावं.

आता सर्टिफिकेट. ते गुपित नाहीच. त्यात पब्लिक की (किल्लीचा जगाला दाखवायचा जोडभाग), नाव, मुदत आणि देणाऱ्याची सही असते. पीआयव्ही कार्डातून ते पिन न देताही वाचता येतं. प्रायव्हेट की, म्हणजे आपली गुप्त किल्ली, वेगळ्या जागी असते आणि कार्डाबाहेर येत नाही. म्हणून ‘९ए’ या लॉग-इनच्या स्लॉटमधलं (किल्ली आणि तिचं सर्टिफिकेट ठेवायच्या कप्प्यातलं) सर्टिफिकेट पुसलं तरी त्या स्लॉटची किल्ली तशीच राहते. सर्टिफिकेटची प्रत असेल तर ती पुन्हा चढवायची. ‘वायकेमॅन पीआयव्ही सर्टिफिकेट्स इम्पोर्ट’ला ‘--व्हेरिफाय’ जोडलं की ते त्याच किल्लीचं आहे का, हेही तपासलं जातं. या कामाला मॅनेजमेंट की, म्हणजे कार्डात बदल करण्याची वेगळी किल्ली, लागते, नुसता पिन पुरत नाही.

मुदतीचंही तेच. कार्डाला घड्याळ नसतं. सर्टिफिकेट कालबाह्य झालं तरी कार्ड सही करत राहतं. ती नाकारतो समोरचा. नव्या सर्टिफिकेटसाठी त्याच कार्डातून विनंती तयार करता येते. याचा मोठा दाखला एस्टोनियाचा. २०१७ मध्ये इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपमधल्या आरएसए प्रकारच्या किल्ल्या बनवण्याच्या पद्धतीत ‘रोका’ नावाचा दोष सापडला आणि तिथल्या साडेसात लाखांहून जास्त ओळखपत्रांची सर्टिफिकेटं निलंबित झाली. लोकांनी त्याच कार्डांवर इंटरनेटवरून नव्या प्रकारच्या किल्ल्या आणि नवी सर्टिफिकेटं घेतली. ‘कार्डात जन्मलेली किल्ली निर्धोकच’ ही समजूतही त्याच प्रकरणात मोडली.

कमांड लाइनचे खरे धोके या सल्ल्यात येतच नाहीत. पिन कमांडमध्येच टाकला तर तो शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत, राहतो, आणि कमांड चालू असताना त्या मशीनवरच्या इतरांनाही प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. कमांडमध्ये पिन देऊच नका, टूल तो स्वतः विचारतं. वायकेमॅनच्या ‘सेट-रिट्राइज’ने संधींची संख्या वाढवली की पिन आणि पीयूके पुन्हा १२३४५६ वगैरेवर जातात, म्हणून ते सगळ्यात आधी करावं, पिन नंतर बदलावेत. आणि किल्ली तयार करण्याची आज्ञा मिळाली की पीआयव्ही कार्ड त्या स्लॉटमधल्या जुन्या किल्लीवर नवी लिहितं, हुं की चूं न करता. ‘९डी’ या मजकूर उलगडायच्या किल्लीच्या स्लॉटमध्ये हे झालं तर त्या किल्लीने बंद केलेल्या जुन्या मेल दुसरीकडे प्रत नसेल तर कायमच्या बंद. स्लॉटमध्ये सर्टिफिकेट दिसत नाही म्हणून तो रिकामा आहे असं धरून चालू नका. युबिकीचं फर्मवेअर ५.३ किंवा पुढचं असेल तर ‘वायकेमॅन पीआयव्ही कीज इन्फो ९डी’ आत किल्ली आहे की नाही ते सांगतं.